लॅपटॉपनं दिलेली पोच

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एक तार बांधलेली आहे. दोन टोकांना दोन बांबू, मधोमध काळी केबल, ती खिडकीतून माझ्या खोलीत येते. या तारेबद्दल निगडीतल्या आमच्या इमारतीत आजवर जे बोललं गेलंय ते सगळं लिहिलं तर संपादकांना वेगळा अंक काढावा लागेल. तळमजल्यावरच्या काकूंचं दूध या तारेनं नासतं. दुसऱ्या मजल्यावरच्या जावयांचे केस या तारेनं गेले. त्यांच्या वडिलांचं डोकं मी पाहिलेलं आहे, पण असो. चेअरमनसाहेबांनी एकदा मीटिंगमध्ये विचारलं, "गायकवाडबाई, हे लायसन्सचं आहे का?" मी लायसन्स काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "सरकारी शिक्का आहे म्हणजे प्रश्न मिटला. पण याचा उपयोग काय?"

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत इतक्या जणांनी विचारलाय की आता मी उत्तर द्यायचंच सोडून दिलंय. मोबाइल आहे की, मग हे कशाला? बरोबर आहे. मोबाइल चालू आहे तोवर माझी काही गरज नाही. विहिरीला पाणी असताना आडाकडे कोण बघतं!

मी मूळची उदगीरकडची. वडील पिंपरीत कंपनीत लागले, मागोमाग आम्ही आलो. मी चिंचवडच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले आणि सुरक्षा विभागाच्या कंट्रोल रूममधून निवृत्त झाले. मधलं सांगत बसत नाही. पगारवाढ आणि बदल्या सगळ्यांच्या सारख्याच असतात. एवढंच सांगते की सगळी नोकरी दुसऱ्याचे निरोप तिसऱ्याला पोचवण्यात गेली. कंट्रोल रूममध्ये वॉकीटॉकी हातात आला, त्याची गोडी लागली, मग परीक्षा देऊन हौशी वायरलेसचं लायसन्स काढलं. आम्हाला हॅम म्हणतात. असं का म्हणतात ते विचारू नका. प्रत्येक हॅम वेगळी गोष्ट सांगतो आणि सगळे खात्रीनं सांगतात.

आता 'डिजिटल' म्हणजे काय ते सोपं करून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. वायरलेसवर बोलायचं तर आवाज खणखणीत लागतो. डोंगर, वीज, पाऊस, कारखान्यांच्या मोटारी, सगळं मध्ये खरखर करतं. त्यावर तोड अशी, की तुम्ही बोलायचं नाही, लॅपटॉपवर टाइप करायचं. लॅपटॉप त्या अक्षरांचे सूर करतो, रेडिओ ते सूर हवेत सोडतो आणि पलीकडचा लॅपटॉप त्यांची पुन्हा अक्षरं करतो. माणसाच्या कानाला नुसती खरखर ऐकू येते तिथूनही तो लॅपटॉप शब्द उपसून काढतो. देव्हाऱ्यात लावतो त्या झीरोच्या बल्बाहूनही कमी विजेवर माझी दोन अक्षरं जपानपर्यंत गेली आहेत. फक्त हे काम गोगलगायीच्या चालीनं होतं. पंधरा सेकंदांत दोन-तीन शब्द. तेही इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून. म्हणून आमच्यात पाल्हाळ लावणाऱ्याला कुणी उभं करत नाही.

या शब्द वाचवण्याच्या नादातला एक किस्सा आधी सांगते, मग मुद्द्यावर येते.

आम्ही पाच-सहा हॅम मिळून आपत्तीच्या वेळी मदत करणारा एक गट चालवतो. फुकट, हौसेनं. चाकण पट्ट्यातल्या कंपन्यांत सुरक्षेचे सराव होतात, तिथं आम्हाला बोलावतात. महाळुंग्याच्या एका कारखान्यात गॅसगळतीचा सराव होता. कॅन्टीनमधल्या एका माणसाला जमिनीवर झोपवलं होतं, कपाळाला कुंकवाचं पाणी लावलं होतं. आमचा अनिकेत निरोप पाठवत होता. अनिकेत मूळचा नांदेडचा, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये, मारुंजीला भाड्यानं राहतो. हुशार आहे, फार हुशार आहे, तीच तर अडचण आहे. आमच्या प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला आणि शेवटी 'सराव, सराव, सराव' असं लिहायचं असतं. अनिकेतनं ते सहाही शब्द गाळले. पलीकडच्या स्वयंसेवकानं निरोप वाचला, जीव मुठीत धरून पुढं कळवला आणि वीस मिनिटांत भोंगा वाजवत खरीखुरी अ‍ॅम्ब्युलन्स फाटकातून आत. डॉक्टर उडी मारून उतरले. "पेशंट कुठाय?" कपाळाला कुंकू लावलेला माणूस ते बघून जो उठला तो थेट कॅन्टीनच्या मागं. सुरक्षा अधिकारी म्हणाले, "पळाला." डॉक्टर म्हणाले, "पळाला म्हणजे?"

मी अनिकेतला विचारलं, "का रे बाबा असं केलंस?"

"मॅडम, प्रत्येक निरोपात पाऊण मिनिट वाचत होतं."

"अरे, वाचलेल्या त्या पाऊण मिनिटात त्या डॉक्टरांना काय सांगू ते पण लिहून दे."

या प्रकारानंतर मी नियमावली लिहिली. दोन पानी, मुद्देसूद, आणि खरं सांगायचं तर तिचा मला गर्व होता. सगळे निरोप कंट्रोलमार्फतच जातील, बाहेरच्या ठाण्यांनी, म्हणजे जिथं जिथं सेट लावलाय तिथल्यांनी, आपसात गप्पा मारायच्या नाहीत, वेळ लिहायची, एक शब्द बदलायचा नाही. आणि एक कलम असं: प्रत्येकानं लॅपटॉपवरची 'ऑटो पोच' कायम चालू ठेवावी.

ऑटो पोच म्हणजे असं, की तुमच्या नावानं निरोप आला की तुम्ही जागेवर असा-नसा, तुमचा लॅपटॉप तो पेटीत ठेवतो आणि पाठवणाऱ्याला आपणहून 'मिळाला' असं उत्तर देतो. सोय मोठी झकास. सरावाच्या अहवालात मी दर वेळी लिहायची, 'सर्व निरोपांची पोच मिळाली.' कंपन्यांचे साहेब तो अहवाल वाचून मान डोलवायचे. मीही डोलवायची.

आता मुद्दा.

श्रावण संपता संपता खेडच्या पश्चिमेकडच्या डोंगरात तीन दिवस पाऊस थांबला नाही. एका वाडीकडं जाणाऱ्या रस्त्यावर दरड आली. वाडीचं नाव देत नाही, त्या लोकांना आवडणार नाही. वीज गेली, मोबाइलचे टॉवर गेले, दुसऱ्या दिवशी चाकण पट्ट्यातलेही फोन बंद पडले. हिंजवडीकडं मात्र सगळं चालू होतं. तालुक्यावरून आम्हाला विचारणा झाली आणि आम्ही उभे राहिलो. मी महाळुंग्याच्या एका कंपनीच्या ट्रेनिंग हॉलमध्ये, कारण तिथं जनरेटर होता. मी कंट्रोल. अनिकेत मारुंजीत आपल्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, कारण तिथून तो हॉस्पिटलला आणि सरकारी कचेऱ्यांना फोन लावू शकत होता. आणि वाडीत बबनराव.

बबनराव त्याच वाडीचे. पिढ्यान्‌पिढ्या तिथलं घर. चाकणला कंपनीत इलेक्ट्रिशियन. माझ्याबरोबर परीक्षेला बसले होते आणि माझ्यापेक्षा दोन मार्क जास्त मिळवले होते, ते अजून ऐकवतात. त्यांनी शाळेच्या खोलीत ट्रॅक्टरच्या बॅटरीवर सेट लावला होता आणि पोराचा जुना लॅपटॉप.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या पुढं त्यांचा निरोप आला. पंधरा-पंधरा सेकंदांनी दोन-तीन शब्द पडद्यावर उमटत होते आणि मी वहीत उतरवत होते. 'शिवाजी, वय छत्तीस. डायलिसिस चुकलं. धाप, अंगावर सूज. झोळीतून दरडीपर्यंत आणतो. दुपारी दोनला दरडीच्या चाकणकडच्या अंगाला गाडी पाहिजे. नक्की कळवा, मग निघतो.'

शिवाजीला मी ओळखत नव्हते. चाकणला एका कारखान्यात प्रेसवर काम करायचा, किडन्या गेल्यावर हलकं काम दिलं होतं, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला पिंपरीला जायचा, हे नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं, की एका माणसाचं रक्त साफ व्हायचं राहिलंय आणि त्याला आज हॉस्पिटलात पोचवलं नाही तर तो जाईल. वाडीतून दरडीपर्यंत झोळी खांद्यावर घेऊन साडेतीन तासांची वाट, सगळा उतार, निसरडी. एकदा खाली आणलं की परत वर नेणं म्हणजे त्याला मारणंच. म्हणून बबनरावांनी शेवटचं वाक्य लिहिलं होतं. नक्की कळवा, मग निघतो.

मी तो निरोप अक्षरही न बदलता अनिकेतला पाठवला. हॉस्पिटलला फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स पाठवायची, हे त्याचं काम. नऊ चाळीसला निरोप संपला. मिनिटभरात पडद्यावर त्याच्या ठाण्याची पोच आली. मिळाला.

मी बबनरावांना टाइप केलं, 'निरोप पोचला. निघा.'

पोच आली होती लॅपटॉपची. अनिकेत त्या वेळी खाली पार्किंगमध्ये गुडघाभर पाण्यात उभा होता. नाल्याचं पाणी तळघरात शिरलं होतं, इमारतीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या गाड्या ढकलून वर काढायला जो तो धावला, तसा तोही धावला. लिफ्ट बंद झाली. दहा मिनिटांत येतो म्हणून गेलेला माणूस साडेपाच तासांनी नऊ मजले चढून वर आला. याबद्दल मी त्याला कधी बोल लावला नाही आणि लावणारही नाही. ठाणं सोडताना ऑटो पोच बंद करावी असं माझ्या दोन पानांत कुठंही लिहिलेलं नव्हतं. उलट कायम चालू ठेवावी असं लिहिलं होतं, माझ्या सहीनं.

हॉलच्या दारात कंपनीच्या अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर दत्ता उभा होता. जालन्याकडचा, बडबड्या. पावसामुळं कंपनी अर्धी बंद, त्याला काही काम नव्हतं. चहाचा कप घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, सकाळपासून बसून बसून पाय आखडले राव. कुठं काय नेणंआणणं असलं तर सांगा ना."

मी हात वर करून त्याला गप्प केलं. वास्तविक आमच्या या प्रकारात बोलण्यानं काही बिघडत नाही, लॅपटॉपला केबलमधून ऐकू येतं. पण कानावर हेडफोन असला की जवळच्या माणसाला गप्प करायचं, ही माझी जन्माची खोड. तो बिचारा "बरं बरं" म्हणत बाहेर गेला आणि आपल्या गाडीत जाऊन बसला. गाडी हॉलपासून पंधरा पावलांवर उभी होती.

त्यानंतर पाच तास मी काम करत होते. रिकामी बसले असते तर निदान मनाला काही खुपलं असतं. पिण्याच्या पाण्याचे निरोप, एका धनगराच्या मेंढ्यांचा निरोप, एका बाईचा 'मी सुखरूप आहे, पुण्याच्या भावाला कळवा'. प्रत्येकाला अनिकेतच्या ठाण्याची पोच मिळत होती. मी वहीत बरोबरच्या खुणा करत होते. दोन वाजले तेव्हा घड्याळाकडं पाहून मनात म्हटलं, आता झोळी दरडीशी पोचली असेल, गाडीही आली असेल. छान वाटलं. डबा काढून दोन घास खाल्लेही.

तीन दहाला पडद्यावर अनिकेतची अक्षरं उमटली. 'मॅडम, खाली अडकलो होतो. नऊ चाळीसचा निरोप आत्ता वाचला. हॉस्पिटलला कळवू का?'

कळवू का. हे दोन शब्द मी आजही डोळे मिटले तरी वाचू शकते. 'लगेच कळव' एवढं टाइप करताना मी तीनदा चुकले. त्याचं उत्तर आलं, सगळे रस्ते तुंबलेत, पिंपरीहून गाडी निघाली तरी दरडीशी पोचायला तीन तास.

मी उठले तशी खुर्ची मागं पडली. त्या आवाजानं दत्ता दारात आला.

"काय झालं मॅडम?"

तेव्हा मला तो दिसला. म्हणजे सकाळपासून दिसत होताच, पण ड्रायव्हर म्हणून, गाडीसकट, तेव्हा दिसला. मी म्हटलं, "दत्ता, खेडच्या अंगाला दरडीपर्यंत गाडी जाईल का?"

"जाईल की. काल तर मी भाजीवाल्याला सोडून आलो तिकडं. तासाभराचं काम हाय."

सुरक्षा अधिकाऱ्यांनी परवानगी द्यायला अर्धं मिनिटही घेतलं नाही. उलट विचारलं, "सकाळीच का नाही सांगितलंत बाई?" दत्ता तोवर गाडी सुरू करून बसला होता. मला म्हणाला, "कवाच सांगायचं होतं मॅडम," आणि गेला.

पंधरा पावलांवर अ‍ॅम्ब्युलन्स होती आणि मी पंचवीस-तीस किलोमीटरवर निरोप पाठवून अ‍ॅम्ब्युलन्स मागत होते. दुसऱ्या कुठल्याही माणसानं, अगदी कॅन्टीनवाल्यानंसुद्धा, तो कागद वाचून पहिल्यांदा दाराबाहेर पाहिलं असतं. वायरलेसवाल्याला आधी वायरलेसच दिसतं. आंधळी झाले होते मी, दुसरा शब्द नाही.

बबनरावांना कळवणं भाग होतं. 'गाडी आत्ता महाळुंग्याहून निघाली.' पडद्यावर एकच शब्द आला. 'आत्ता?'

झोळीबरोबर गेलेल्यांकडं सेट नव्हता. बबनराव शाळेत, ते दरडीशी, मध्ये डोंगर.

साडेचारच्या सुमाराला दत्ता दरडीशी पोचला. पुढचं त्याच्याकडून ऐकलेलं. रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकच्या कागदाखाली ती सगळी उकिडवी बसली होती, झोळी मध्ये धरून. "आठ जणं होती मॅडम, खांदे सोलून निघालेले. वरून बारीक दगड येत होते अन ही हलायला तयार नाहीत. ती बाई एकच म्हणत होती, ताईंनी निरोप पोचलाय म्हणून सांगितलंय, गाडी येनार." ती बाई म्हणजे मंगल, शिवाजीची बायको. शिवाजीचे ओठ निळे पडले होते. तो स्वतः म्हणत होता, मला घरी न्या. दत्तानं गाडी कशी हाणली ते तो अजून मीठमसाला लावून सांगतो, त्याला तो हक्क आहे. सातच्या आत शिवाजी हॉस्पिटलात होता. तीन दिवस अतिदक्षता विभागात काढले आणि वाचला.

वाचला, म्हणून हे लिहिण्याचा तरी धीर होतोय.

दसऱ्यानंतर वाडीनं आमचा सत्कार ठेवला. देवळाच्या मंडपात शाल, नारळ, सगळं. बबनरावांनी भाषण केलं. "आमची मानसं दोन वाजल्यापास्नं पावसात बसली, का? तर ताईंचा शबूद व्हता म्हून." टाळ्या. मी शाल अंगावर घेतली, हात जोडले, दोन शब्द बोलले आणि ते दोन्ही शब्द आभाराचे होते. खरं काय घडलं ते त्या मंडपात सांगायला मला तोंड उघडता आलं नाही. एवढी वर्षं दुसऱ्यांचे निरोप खणखणीत आवाजात वाचणारी बाई स्वतःचा एक निरोप देताना मुकी झाली. लाज वाटली, आजही वाटते.

अनिकेतनं तर त्या पावसानंतर दुसऱ्याच आठवड्यात घरी येऊन सांगितलं, की तो हे सगळं सोडतोय. "मॅडम, मी खुर्ची सोडायला नको होती."

मी म्हटलं, "गाड्या बुडत होत्या, म्हातारी माणसं ओरडत होती, आणि तू खुर्चीत बसून राहिला असतास तर मी तुला उभं केलं नसतं. कलम माझं होतं. बस, चहा घे." नियमावलीतलं ते कलम खोडून त्याच्यासमोरच नवं लिहिलं. निरोप वाचणाऱ्या माणसानं स्वतःचं नाव आणि वेळ हातानं टाइप केल्याशिवाय त्याला पोच म्हणायचं नाही. आता आमच्या सरावांच्या अहवालात निम्म्या निरोपांपुढं 'पोच नाही' असं लिहिलेलं असतं. साहेब लोक नाराज होतात. होऊ देत.

बबनरावांनी मात्र सोडलं नाही. सत्कारानंतर शाळेवरची तार उतरवून गुंडाळताना विचारलंच, "ताई, त्या दिशी सकाळी पोचला म्हनला, त्यो कुटं पोचला व्हता?"

मी सगळं सांगितलं, पंधरा पावलांसकट. ते तार गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "मला सांगून काय व्हनार? म्या शाळंत कोरडा बसलो व्हतो. मंगलला सांगा."

त्याला मी आणखी तीन महिने घेतले. माघात एकदा गेले. शिवाजी ओट्यावर उन्हात बसून दोरखंड वळत होता. चेहरा ओढलेला, पण हसला, "या ताई" म्हणाला. मंगलनं आत नेलं, चुलीवर चहा ठेवला. तिशीतली बाई, बुटकीशी, खांद्यांनी रुंद. मी तिला सरळ सांगितलं. निरोप कुणी वाचलाच नव्हता, मी न बघता पोचला म्हणून कळवलं, गाडी येणार नव्हती, तुमचे अडीच तास माझ्यामुळं गेले.

ती चहात साखर घालत होती, ती घालून झाली. मग दाराकडं एक नजर टाकून हळू आवाजात म्हणाली, "मला ठावं व्हतं."

"काय ठाऊक होतं?"

"गाडी येत न्हाई ते. अडीचलाच कळलं मला. ताई, आमी कंपनीच्या गाडीची वाट बघून जन्म काढला. दोनची गाडी अडीचला आली न्हाई म्हंजी कुनी धाडलीच न्हाई."

"मग तुम्ही थांबलात कशाला?"

"मागं चढ व्हता. त्या चढानं ह्यो वाटंतच गेला असता. खाली निदान डांबरी व्हती. आज ना उद्या कोनतरी आलं असतं, दूधवाला म्हना, पोलीस म्हना. पन हे त्या मानसांना सांगितलं असतं तर ती थांबली असती व्हय? दगडं पडत व्हती. त्यांच्या घरी बी पोरं हायती. मंग मी तुमचं नाव घेत ऱ्हायले. ताईंनी सांगितलंय, ताईंनी सांगितलंय. माजं कोन ऐकनार, तुमचं ऐकलं."

मला आधी राग आला, हे कबूल करते. मग हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची लाज वाटली. माझा चुकीचा शब्द या बाईनं उचलून दोन तास पेलून धरला होता, तो चुकीचा आहे हे ठाऊक असताना. मी काही बोलायला गेले तर म्हणाली, "कुनाला सांगू नगा. ती मानसं आजून गावात हेच सांगत्यात, ताईंच्या शबदावर थांबलो म्हून. त्यांना बरं वाटतंय. च्या घ्या."

म्हणून इतके दिवस बोलले नाही. बबनराव, अनिकेत आणि मंगल सोडले तर कुणालाच ठाऊक नव्हतं. या अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा मी ठरवलं की लिहीन तर हेच, नाहीतर काही नको. पण मंगलला विचारल्याशिवाय लिहिणं बरं नव्हतं. तिला फोन लावला. शिवाजी डायलिसिसला गेला होता, कंपनीत आता गेट पासवर बसतो, बरा आहे म्हणाली. मी विचारलं, "लिहू का?"

ती म्हणाली, "लिवा. आता काय त्याचं. त्यांना मीच सांगीन गोडीनं. पन एक हाय. नुसतं तुमचं आन माजं लिवू नगा. ज्यांनी खांदा दिला त्यांची नावं घाला. सत्कारात त्यांना कुनी नारळ बी दिला न्हाई."

मी वही ओढली. "सांगा."

तिनं एकेक करून सांगितली, मी लिहीत गेले. किसन. दगडू. नथू. बाळू. मारुती. संतू. रामभाऊ. ती थांबली.

मी म्हटलं, "ही सात झाली. दत्ता आठ म्हणाला होता. एक राहिलं बघा."

"न्हाई, एवढीच. आटवी मीच की. फुडच्या बांबूला."

मी आठवं नाव लिहिलं, मंगल, आणि आठही नावं तिला पहिल्यापासून वाचून दाखवली.

"बराबर हाय," ती म्हणाली, मग फोन ठेवला.